पाठीवरची भांडी: टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम की घरातलाच टोप? (गोवा, दोन रात्रींचा मुक्काम)

कुळागर
नमस्कार मंडळी. जानेवारीत सत्तरी तालुक्यात, सुर्ला गावाच्या बाजूला दोन रात्रींचा मुक्काम ठरतोय. जागा खासगी, काजूच्या बागायतीतली, मालकांची परवानगी घेतली आहे. तीन मोठी माणसं आणि दहा वर्षांचा एक मुलगा. गाडी ठेवून दीड-दोन तास चालायचं आहे, म्हणजे सगळं सामान पाठीवर. पाणी ओहळाचं, उकळून प्यायचा विचार आहे. सकाळी चहा आणि उपमा, दुपारी घरून नेलेल्या भाकऱ्या, रात्री खिचडी किंवा उकड्या तांदळाची पेज, सोबत कोकमाचं सार.

भांडी काहीच नाहीत. दुकानात टायटॅनियमचा ७५० मिलीचा मग, काळसर अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमचे (म्हणजे वर ऑक्साइडचा कडक थर दिलेले) एकात एक बसणारे संच आणि तळाला पंखे (उष्णता पकडणाऱ्या धातूच्या बारीक पट्ट्या) लावलेलं एक उंच भांडं पाहिलं. घरून सल्ला मिळतो की साधा टोप न्या. पैसे नक्की कशावर घालावेत? शेगडीही अजून घेतलेली नाही, ती भांड्याच्या जोडीनंच ठरवेन.

रानवाट
कुळागर, जेवण काय ते तुम्ही आधीच लिहिलंत हे उत्तम. बहुतेक लोक उलटं करतात, आधी भांडं घेतात आणि मग त्यात काय शिजेल ते शोधत बसतात. आपलं खाणं शिजवायचं आहे. बाहेरच्या देशांतले बहुतेक हलके संच पाकिटातल्या सुक्या जेवणावर गरम पाणी ओतण्यासाठी बनलेले असतात. या एका फरकावर बाकी सगळं ठरतं.

आकारमान आधी. चार जणांच्या खिचडीला ३०० ग्रॅम तांदूळ, १५० ग्रॅम मूगडाळ आणि साधारण १.७ लिटर पाणी लागेल. कोरडे दाणे स्वतः ३०० मिलीच्या वर जागा घेतात, म्हणजे पहिल्या मिनिटालाच भांड्यात दोन लिटर ऐवज. त्यात मूगडाळीला फेस येतो. भांड्यावर छापलेलं माप काठोकाठचं असतं, वापरायला त्याचं पाऊणच मिळतं. तेव्हा एकच भांडं न्यायचं तर ते तीन लिटरचं हवं. दोन लिटरच्या भांड्यात खिचडी उतू जाईल, पाणी शेगडीच्या तोंडात उतरेल आणि पुढचे दोन दिवस ज्योत पिवळी राहील.

उपम्याला २५० ग्रॅम रवा आणि पाऊण लिटर पाणी. चार कप चहा ६०० मिली. ही दोन्ही कामं दीड लिटरच्या भांड्यात होतात. म्हणून एक तीन लिटरचं आणि त्याच्या पोटात बसणारं एक दीड लिटरचं, एवढंच घ्या. तव्यासारखं तिसरं काही नको. दीड लिटरच्या भांड्याचं झाकण थोडं खोलगट मिळालं तर फोडणी त्यातच होते.

आता धातू. उष्णता वाहून नेण्याची क्षमता बघा: स्टील सुमारे १५, शुद्ध टायटॅनियम सुमारे २०, अ‍ॅल्युमिनियम २०० च्या पुढे (वॅट प्रति मीटर-केल्विन). पाण्याला याचा काही फरक पडत नाही, कारण पाणी भांड्यात फिरतं आणि उष्णता आपणच वाटून घेतं. घट्ट खिचडी फिरत नाही. ट्रेकच्या शेगडीची ज्योत तीन-चार सेंटिमीटर रुंदीची, ती तळाच्या मधोमध एका बांगडीएवढ्या वर्तुळावर आपटते. अ‍ॅल्युमिनियम ती उष्णता कडेपर्यंत पसरवतं. टायटॅनियमचा पत्रा ०.३-०.४ मिलिमीटरचा, तो पसरवत नाही. बांगडीच्या आत खिचडी करपते आणि कडेला तांदूळ कच्चा राहतो. तुम्ही ढवळत राहिलात तरी हेच होतं, फक्त थोडं उशिरा.

टायटॅनियम हलकं कशामुळे, याबद्दलही गैरसमज आहे. घनतेनं ते अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जड असतं: घन सेंटिमीटरला ४.५ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियम २.७. पण ते मजबूत असल्यामुळे फार पातळ करता येतं, म्हणून भांडं हलकं भरतं. तीन लिटरच्या मापात हा फायदा थोडा आणि किंमत कित्येक पट. चौघांच्या खिचडीसाठी टायटॅनियम मी घेणार नाही. अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियम घ्या.

टोपझाकण
रानवाट यांच्या मापांना पूर्ण अनुमोदन. पण संच विकत घ्यायलाच हवा असं मला वाटत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांतून अ‍ॅल्युमिनियमचे साधे टोप मिळतात. पाठीवरच्या मुक्कामाला टोपात तीन गोष्टी बघायच्या.

काठ बाहेर वळलेला हवा, म्हणजे सांडशी पक्की बसते. काठ सरळ कापलेला असेल तर तीन लिटरचा भरलेला टोप सांडशीतून निसटतो. सांडशी दुकानातच लावून बघा. टोपात पाणी घालून उचला, रिकामा उचलून काही कळत नाही.

तळ सपाट हवा. गोलसर बुडाचा टोप घरच्या शेगडीवर बसतो, ट्रेकच्या तीन पायांच्या शेगडीवर डुगडुगतो. टोप दुकानाच्या फरशीवर ठेवून काठावर बोटानं दाबा, डुलला तर दुसरा काढायला सांगा.

तिसरं, आतला टोप आणि त्याचं झाकण दोन्ही बाहेरच्या टोपात जायला हवीत. झाकणाला वर उभी मूठ नको, चपटी झाकणी घ्या. ती उलटी ठेवली की ताटलीही होते.

जाडी फार नको आणि फार पातळही नको. बाजूला अंगठ्यानं दाबल्यावर आत जात असेल तर ते भांडं पाठपिशवीत चेपणार. वजन दुकानदाराच्या काट्यावर करून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. मूठ आणि बिजागऱ्या नसल्यामुळे त्याच मापाच्या संचाच्या आसपासच वजन येतं, आणि सांडशी एकच दोन्हींना चालते.

सागरवेळ
टोपझाकण, एक मुद्दा राहिला. कुळागर कोकमाचं सार करणार आहेत. साध्या, अ‍ॅनोडाइज न केलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये कोकम, चिंच, टोमॅटो उकळलं की आंबट पदार्थ धातू खातो. साराला कडवट, धातूची चव येते आणि टोप आतून डागाळतो. रात्रभर तसंच ठेवलं तर आणखी वाईट. अ‍ॅनोडाइज्ड भांड्यावर ऑक्साइडचा कडक थर असतो, म्हणून त्यात सार एकदा उकळलं तर चालतं, मात्र साठवू नये. साधाच टोप नेणार असाल तर सार स्टीलच्या मोठ्या पेल्यात करा. किंवा आमसुलं कोमट पाण्यात भिजवून, पिळून, न उकळता प्या.

आणि मीठ. खारं पाणी अ‍ॅल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं. किनाऱ्यावरून येणारे लोक भांडी समुद्राच्या पाण्यात विसळतात आणि रेतीनं घासतात. रेतीनं अ‍ॅनोडाइजचा थर ओरखडतो आणि त्या ओरखड्यातून मीठ आत शिरतं. आपल्याकडच्या दमट हवेत पुढचं काम आपोआप होतं.

किनाऱ्याचा विषय निघालाच आहे तर हेही लिहितो. गोव्यात पर्यटन स्थळांच्या संरक्षणाचा २००१ चा कायदा आहे. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आली, दंड होतो. शेगडी गॅसची असली तरी सुटका नाही. तेव्हा "बीचवर कॅम्पिंगसाठी कोणतं भांडं" असं विचारणाऱ्यांनी आधी जागा ठरवावी: परवानगी असलेली खासगी जागा किंवा अधिकृत कॅम्प.

घाटवाट
शेगडीबद्दल मी लिहितो. भांडं आणि शेगडी एकत्र ठरवायला हवी, हे कुळागर यांचं म्हणणं बरोबर आहे.

आपल्याकडे गॅसचे डबे दोन तऱ्हांचे मिळतात. एक आटे असलेला, बुटका, २३० ग्रॅमचा. त्याच्यावर शेगडी थेट फिरवून बसवतात. दुसरा उंच, २२० ग्रॅमचा, तोंडाला खाच असलेला. तो चपट्या पेटीसारख्या शेगडीत आडवा बसतो. उंच डबा जास्त ठिकाणी मिळतो, पण पेटीवाली शेगडी पाठीवर न्यायला मोठी आणि जड.

चौघांसाठी माझा आग्रह तिसऱ्या प्रकाराचा: जमिनीवर तीन-चार पाय पसरून बसणारी, नळीनं डब्याला जोडलेली शेगडी. कारण तीन लिटरचा भरलेला टोप तीन किलोच्या वर जातो. आटेवाल्या डब्यावर शेगडी, शेगडीवर टोप, असा मनोरा मुलाच्या एका धक्क्यानं कोसळतो. शिवाय रुंद तळाचा टोप उष्णता खाली परतवतो, ती थेट डब्यावर येते.

यातूनच सगळ्यात मोठा धोका होतो, तो स्पष्ट लिहितो. डब्यावर बसणाऱ्या शेगडीभोवती वाऱ्याला आडोसा म्हणून पत्रा पूर्ण गुंडाळायचा नाही. आतली हवा तापते, डबा तापतो, आतला दाब वाढतो आणि डबा फुटू शकतो. डब्याला हात लावून बघायची सवय ठेवा. हाताला कोमट लागला तर ठीक, गरम लागला की लगेच बंद करा. नळीवाल्या शेगडीला मात्र आडोसा चारी बाजूंनी लावता येतो, कारण डबा बाहेर राहतो. पेटीवाल्या शेगडीवर पेटीपेक्षा मोठा तवा ठेवला तर तोही डब्याच्या कप्प्यावर येतो. तेही तितकंच घातक.

उंच डबा नळीवाल्या शेगडीला जोडायचा अ‍ॅडाप्टर मिळतो. डबा आडवा ठेवताना तोंडाची खाच वरच्या बाजूला हवी. आतली छोटी नळी त्या खाचेकडे वळलेली असते, खाच वर असली की वायू येतो. खाली फिरवली की द्रव येतो आणि हातभर ज्योत उसळते.

काही जण घरच्या सिलिंडरमधून हे डबे भरून घेतात. कृपया करू नका. घरच्या गॅसमध्ये प्रोपेनही असतो आणि त्याचा दाब जास्त. हे डबे एकदा वापरून टाकण्यासाठी बनवलेले आहेत, त्यांचं तोंड पुन्हा भरण्यासाठी नाही.

थंडीची चिंता आपल्याला नाही. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला वायू व्हायचा थांबतो. सत्तरीत जानेवारीच्या पहाटे कितीही गारठा वाटला तरी तिथवर पारा जात नाही, म्हणून महागडा हिवाळी गॅस घेऊ नका.

कुळागर
खूप उपयोगी. गॅस किती लागेल याचा हिशेब कसा करायचा? आणि तळाला पंखे असलेलं भांडं घ्यावं का?

रानवाट
हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला ३१४ किलोज्यूल लागतात. एक ग्रॅम ब्युटेन जळून ४५-४६ किलोज्यूल देतो. म्हणजे एकही ज्यूल वाया न जाता सात ग्रॅम. प्रत्यक्षात निम्मी उष्णता भांड्याच्या बाजूनं निघून जाते, म्हणून लिटरला १४ ग्रॅम धरा. वारा असेल आणि आडोसा नसेल तर हाच आकडा दुप्पट होतो. झाकण नसेल तर आणखी वाढतो. मंद आचेवर शिजत ठेवायला मिनिटाला साधारण एक ग्रॅम.

तुमचा हिशेब असा येतो. खिचडी: उकळायला २४ आणि शिजायला १५, म्हणजे ४० ग्रॅम, दोन रात्रींचे ८०. उपमा दोनदा, ३६. चहा चार वेळा, ३६. सार दोनदा, २०. झाले १७० च्या वर. त्यावर वाऱ्यासाठी तिसरा हिस्सा धरला की २३० चा डबा तळाला लागतो. म्हणून दोन डबे न्या.

पण यात प्यायचं पाणी नाही. चौघांना दिवसाला आठ लिटर म्हटलं तर नुसतं उकळायला ११० ग्रॅम गॅस. दोन दिवसांत एक अख्खा डबा फक्त पाण्यावर जाईल, आणि गरम पाणी निवायची वाट बघायची ती वेगळी. त्यापेक्षा ओहळाचं पाणी आधी फडक्यातून गाळा, मग पिळून वापरायच्या फिल्टरमधून काढा किंवा क्लोरीनच्या गोळ्या वापरा, पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्या. उकळणं फक्त स्वयंपाकाच्या पाण्यापुरतं ठेवा. भांडी लहान होतील, डबा वाचेल.

पंखेवालं भांडं पाणी उकळायला फार चांगलं. तळाचे पंखे बाजूनं पळणारी उष्णता पकडतात आणि लिटरला ९-१० ग्रॅमवर काम होतं. पण ती भांडी बहुधा उंच आणि अरुंद असतात, एक-दीड लिटरची. ढवळता येत नाही, तळ दिसत नाही. मोठ्या संचात मात्र आता रुंद भांड्यांनाही पंखे मिळतात. दीड लिटरचं रुंद मिळालं तर चहा-उपम्यासाठी जरूर घ्या. पंखे चेपले की फायदा गेला, म्हणून ते मोठ्या टोपाच्या आतच ठेवायचं. लाकडाच्या जाळावर कधीच नाही, पंख्यांत काजळी भरते आणि ती निघत नाही.

चुलीपुढं
उकड्या तांदळाची पेज हा या धाग्यातला सगळ्यात महागडा पदार्थ आहे! उकडा शिजायला ४० मिनिटं सहज घेतो. वरच्या हिशेबानं एकट्या पेजेला साठ ग्रॅमच्या आसपास गॅस.

यावर उपाय आहे. तांदूळ सकाळीच पाण्यात भिजत घाला. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या आणि मुक्कामावर पोहोचल्यावर घाला, चालताना सांडणार नाही. भिजलेले तांदूळ चौपट-पाचपट पाण्यात घालून एक खळखळीत उकळी आणा, झाकण ठेवून दहा मिनिटं मंद ठेवा, मग शेगडी बंद करा. टोप तसाच ऊबेच्या पिशवीत ठेवा आणि ४०-४५ मिनिटं उघडू नका. तांदूळ आपल्याच उष्णतेत शिजतो. शेवटी मीठ घालून पुन्हा एक उकळी आणा आणि लगेच वाढा. कोमट भात तासन् तास ठेवायचा नाही, बिघडतो.

पिशवी घरी होते. गाडीच्या काचेला उन्हासाठी लावतात ती चंदेरी, बुडबुड्यांची चटई घ्या. टोपाच्या घेरापेक्षा चार सेंटिमीटर जास्त लांब पट्टी कापा, कारण चटईच्या जाडीमुळे ती घट्ट होते. टोकं चंदेरी चिकटपट्टीनं जोडा. एक गोल तळाला, एक झाकणावर. झाकणावरचा गोल कडेला तीन-चार सेंटिमीटर खाली उतरायला हवा, तिथूनच सगळी वाफ पळते. टोप शेगडीवर असताना ही पिशवी कधीच घालायची नाही, क्षणात वितळते.

आतली हवा कमी असली की उष्णता टिकते, म्हणून टोप तीन चतुर्थांश भरलेला हवा. तीन लिटरच्या टोपात एका माणसाची पेज अशी शिजणार नाही.

पाऊलखुणा
एका माणसाचा प्रश्न विचारू का? एक रात्र, एकटा, खाणं म्हणजे चहा, ओट्स, शेवयांचा उपमा आणि सकाळी पुन्हा चहा. टायटॅनियमचा मग घ्यावा असं वाटतंय.

घाटवाट
घ्या. टायटॅनियमची जागा तीच. पाणी उकळायचं, त्यात काही घालायचं, गॅस बंद करून झाकून ठेवायचं. ७५० मिलीचा मग झाकणासकट शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो. स्टीलचा तेवढाच पेला बराच जड येतो. टायटॅनियमला कोकम, मीठ, खारी हवा यांचं काही होत नाही. काठ लवकर निवतो, ओठ पोळत नाहीत.

घेताना मगाचा आतला व्यास मोजा. १०० ग्रॅमच्या छोट्या डब्याचा व्यास ९ सेंटिमीटर असतो, तो आत बसला तर डबा, शेगडी, लायटर, फडकं सगळं एका मगात जातं. २३० च्या डब्याचा व्यास ११ सेंटिमीटर. तो ७५० च्या मगात जात नाही, त्याला लिटरच्या वरचं रुंद भांडं लागतं. डबा आत ठेवताना खाली फडकं घाला. डब्याच्या बुडाची लोखंडी कड गंजते आणि भांड्यात तांबडा गोल उमटतो. आपल्या हवेत दोन दिवस पुरतात.

शेगडीच्या पायांची वरची रुंदीही बघा. काही शेगड्यांचे पाय मोठ्या भांड्यासाठी लांब असतात, त्यांच्या मधल्या फटीत अरुंद मग तिरका होतो.

दुहेरी भिंतीचा मग चुकूनही घेऊ नका. तो चहा गरम ठेवण्यासाठी असतो, ज्योतीवर ठेवायला नाही. दोन भिंतींमधली बंद हवा तापून फुगते आणि मग फुटतो.

कुळागर
मुठींबद्दल काय? मुलगा सोबत आहे. आणि न चिकटणारा थर असलेलं भांडं घ्यावं का? उपमा लागतो तळाला.

टोपझाकण
घडीच्या मुठी असलेलं भांडं घेणार असाल तर मूठ उघडून भांडं पाण्यानं पाऊण भरा आणि ओतून बघा. हलक्या मुठीचं कुलूप वजनानं सुटतं आणि उकळतं पाणी पायावर येतं. मुठीवर सिलिकॉनचं आवरण असेल तर ज्योत मोठी झाली की ते जळतं. वारा जिकडून येतो त्या बाजूला मूठ फिरवून ठेवा, म्हणजे ज्योत तिच्याकडं झुकत नाही. सुटी सांडशी या सगळ्यापेक्षा बरी. फक्त ती एकाच माणसाच्या हातात असावी आणि ती शेगडीजवळ ठेवायची जागा ठरलेली असावी. मुलासाठी शेगडीभोवती दोन पावलांचं रिंगण दोरीनं आखा.

न चिकटणारा थर २६० अंशांच्या पुढं खराब व्हायला लागतो. घरी मोठ्या शेगडीवर आपण तिथवर क्वचित जातो. ट्रेकच्या शेगडीची ज्योत एका जागी केंद्रित असते, रिकामं भांडं मिनिटभरात तिथं पोहोचतं. फोडणी करायची तर आधी तेल घाला, मग पेटवा. चमचा लाकडी किंवा सिलिकॉनचा. आत दुसरं भांडं ठेवताना मध्ये फडकं नसेल तर चार खेपांत थर ओरखडतो. माझ्या मते उपम्यासाठी थर नकोच. रवा घरूनच भाजून, तेल-मोहरीची फोडणी त्यातच परतून न्या. तिथं फक्त पाणी उकळायचं, रवा धारेनं घालायचा, ढवळायचं आणि बंद करून पाच मिनिटं झाकायचं. चिकटायला वेळच मिळत नाही.

देवराई
भांड्यांच्या चर्चेत एक गोष्ट जोडतो, कारण हा धागा वाचून कुणी थेट रानात जाईल. अभयारण्यात आग लावायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० नुसार बंदी आहे, आणि म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला या सगळ्यांत आत जायलाच परवानगी लागते. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात किती दिवस वणवे धुमसत होते ते सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून अभयारण्याच्या हद्दीत शेगडी पेटवायचा विचारही वनखात्याला विचारल्याशिवाय नको.

खासगी बागायतीतही काजूची पानं वाळून चुरा होतात. शेगडीखाली चिऱ्याचा सपाट तुकडा ठेवा, भोवतालचा पाचोळा चारी बाजूंनी किमान दीड मीटर झाडून टाका, दोन लिटर पाणी भरून हाताशी ठेवा. ओहळातला ओला दगड शेगडीखाली किंवा जाळाजवळ नको, आतलं पाणी तापून त्याच्या चिपा उडतात. तंबूत शेगडी पेटवू नका, दार उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्पिरिटच्या छोट्या दिव्यांबद्दल विचारणा येतेच. त्यांची ज्योत उन्हात दिसत नाही, दिवा लवंडला की पेटतं स्पिरिट पानांवर पसरतं. आपल्या कोरड्या महिन्यांत, फेब्रुवारी ते मे, मी तो रानाजवळ नेणार नाही. आणि फेणी त्यात चालत नाही. तिच्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं.

सागरवेळ
धुण्याबद्दल. ओहळात भांडं बुडवू नका, साबण तर नाहीच, मासे आणि खाली पाणी पिणारे दोघंही भोगतात. भांड्यात उरलेलं भाकरीच्या तुकड्यानं पुसून खा, मग कागदानं कोरडं पुसा आणि तो कागद कचऱ्याच्या पिशवीत टाका. थोडं गरम पाणी घालून खरवडा आणि ते पाणी ओहळापासून साठ मीटर दूर पसरून टाका. नारळाची सोडणं घासायला उत्तम, अ‍ॅनोडाइज्ड थराला ओरखडा येत नाही. तारेची घासणी नको.

सुकं खारं (खारवलेली मासळी) किंवा सुकी सुंगटं (कोळंबी) नेत असाल तर किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) घरीच करून, दुहेरी डब्यात बंद करून न्या. साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या खरवडलेल्या टोपाला वास धरतो, आणि रात्री तंबूजवळ वास नको. भांडी रात्री झाकण लावून, तंबूपासून लांब.

कुळागर
सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवतोय: म्हापशातून तीन लिटरचा बाहेर वळलेल्या काठाचा टोप, झाकणीसकट, खिचडी-पेजेसाठी. त्याच्या पोटात दीड लिटरचं रुंद, अ‍ॅनोडाइज्ड भांडं, चहा-उपमा-सारासाठी. एक सांडशी. नळीवाली शेगडी, आटेवाले दोन डबे. चटईची पिशवी मोठ्या टोपाच्या मापाची. पाण्याला फिल्टर. चार स्टीलचे पेले आणि वाट्या घरातल्याच.

दोन शंका. छोटा कुकर का नको? आणि परत आल्यावर डब्यात किती गॅस उरला ते कसं कळणार?

रानवाट
कुकर नको, कारण छोटाही किलोच्या आसपास भरतो. वर लांब मुठीमुळे तीन पायांच्या शेगडीवर तोल एका बाजूला जातो. उंचीवर भात शिजत नाही म्हणून हिमालयात कुकर लागतो. इथं दर तीनशे मीटरला उकळबिंदू साधारण एक अंशानं उतरतो. गोव्यातला सगळ्यात उंच डोंगर सोंसोगड हजार मीटरच्या थोडा वर, तिथंही पाणी ९६-९७ अंशांना उकळतं. भिजवलेल्या तांदळाला तेवढं पुरतं. दहा-बारा जण आणि गाडी दारात असेल तर मात्र कुकरसारखं दुसरं काही नाही.

लायटर दमटपणात दगा देतो, खास करून शेगडीला जोडलेला खटका. काडेपेटी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत वेगळी ठेवा.

उरलेल्या गॅससाठी स्वयंपाकघरातला काटा. नवा डबा आणल्याबरोबर, न वापरता वजन करा आणि मार्करनं बुडावर लिहा. त्यातून गॅसचे २३० ग्रॅम वजा केले की रिकाम्या डब्याचं वजन मिळतं, तेही शेजारी लिहा. प्रत्येक खेपेनंतर पुन्हा वजन करून खाली लिहीत जा. शेगडी काढूनच वजन करा, आणि काढताना उघड्यावर, विस्तवापासून लांब, कारण आटे सुटताना थोडा गॅस फुसकन बाहेर येतोच. ५० ग्रॅमच्या खाली उरलेला डबा रानात नेऊ नका, घरी चहाला संपवा. रेल्वेनं किंवा विमानानं कुठं जाणार असाल तर डबा नेता येत नाही, तिथं पोहोचूनच घ्यावा लागतो.

चुलीपुढं
कुळागर, पिशवी कापताना टोपाचा घेर वळलेल्या काठावर मोजा, पोटावर नाही. पोटाच्या मापानं कापली तर काठावरून खाली उतरत नाही आणि सगळी चटई पुन्हा कापावी लागते. आणि निघायच्या आदल्या रविवारी घरच्या अंगणात एकदा पूर्ण पेज करून बघा, त्याच शेगडीवर, त्याच टोपात, घड्याळ लावून. तुमचा तांदूळ जुना असेल तर दहाऐवजी पंधरा मिनिटं उकळावा लागेल, ते तिथंच कळेल.